क्लचची केबल तुटल्यावर गाडी घरी नेण्याविषयी खुलासा
‘क्लचची केबल तुटली तर पहिला गिअर टाकून स्टार्टर मारा आणि नेहमीप्रमाणे घरी या, गाडीला काहीही होत नाही,’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. केबल तुटली की क्लचचे पेडल दाबूनही इंजिन चाकांपासून सुटत नाही, त्यामुळे थांबलेल्या गाडीत इंजिन चालू असताना गिअर टाकता येत नाही. इंजिन बंद असताना मात्र गिअर पडतो, स्टार्टरच्या जोरावर गाडी हिसका देत सरकते आणि इंजिन सुरू होते. पुढे ॲक्सिलरेटर सोडून गिअर न्यूट्रलला घ्यायचा आणि इंजिनाचे फेरे चाकांच्या वेगाशी जुळले की वरचा गिअर अलगद टाकायचा, हे मात्र सरावाचे काम आहे.

दिशाभूल होते ती ‘नेहमीप्रमाणे’ या शब्दाने. प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करून थांबावे लागते, इंजिन बंद करून पुन्हा तोच हिसका स्टार्टर, बॅटरी आणि गिअरबॉक्स यांना सोसावा लागतो. म्हणून दादरच्या गर्दीत किंवा खंबाटकी घाटाच्या चढावर हा प्रयोग करू नये. ज्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, तेथे केबल तुटलेली असली तरी पेडल दाबावेच लागते, याचा संदेशात उल्लेखही नाही. शिवाय क्लचप्लेट झिजून घसरत असेल तर बिघाड नेमका उलटा असतो: गिअर पडतात, पण गाडी ओढत नाही, आणि तेथे ही युक्ती निरुपयोगी ठरते.