खोली रिकामी आहे का, एवढंच विचारायचं होतं

तीन आठवडे गेले हो माझे, तीन आठवडे! आणि काम काय, तर बुकिंगच्या सर्व्हिसने खोल्यांच्या सर्व्हिसला "खोली रिकामी आहे का" एवढंच विचारायचं. पर्वरीला ऑफिस, आम्ही चार जण, कळंगुट-बागाकडच्या छोट्या हॉटेलांचं बुकिंग सांभाळतो. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साधं एचटीटीपी आणि जेसन ठेवूया, काही बिघडलं तर लॉग उघडून डोळ्यांनी वाचता येतं. पण कोणीतरी मीटिंगमध्ये बेंचमार्कचा ग्राफ लावला, मग थ्रिफ्ट की जीआरपीसी (दोन्ही म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याचं फंक्शन नेटवर्कवरून बोलवायची साधनं) यावर दोन दिवस डोकेफोड, शेवटी जीआरपीसी. अरे आपलं ट्रॅफिक केवढं, मिलिसेकंद वाचवून त्यांचं लोणचं घालायचंय का?

ट्युटोरियल मस्त चालतं, त्याबद्दल वाद नाही. कुठले कॉल असतील ते सांगणारी प्रोटो फाइल लिहा, तिच्यातून कोड बनवणारं प्रोटॉक चालवा, ५००५१ पोर्टवर हॅलो वर्ल्ड. खरा प्रोजेक्ट आला की रडगाणं सुरू. पायथनचा जनरेट झालेला कोड पॅकेजच्या फोल्डरमध्ये टाकला की मॉड्यूल सापडत नाही म्हणून बोंब, कारण त्या फाइली एकमेकींना सरळ नावाने इम्पोर्ट करतात. आणि यावर लोक काय करतात, तर सेड ही मजकूर बदलायची कमांड मारून ती ओळ बदलतात! जीआरपीसी २०१५ मध्ये ओपन सोर्स झालं ना, मग अजून हे का? मग ब्राउझर. ब्राउझरमधून थेट कॉल होतच नाही, जीआरपीसी-वेब घ्या, मध्ये एन्व्हॉय नावाचा प्रॉक्सी सर्व्हर बसवा, म्हणजे सांभाळायला अजून एक.

पण माझं डोकं खरं फिरलं ते डेडलाइनवरून, म्हणजे उत्तरासाठी किती वेळ थांबायचं त्या मर्यादेवरून. शनिवारी रात्री धो धो पाऊस, रिसेप्शनवर भिजलेलं कुटुंब सामान घेऊन उभं, आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. एरर नाही, काही नाही. डेटाबेसमध्ये एक लॉक अडकला होता, खोल्यांची सर्व्हिस त्याच्यासाठी थांबली, बुकिंगची तिच्यासाठी थांबली, कारण तुम्ही डेडलाइन दिली नाही तर जीआरपीसी स्वतःहून कुठलीच लावत नाही, कॉल थांबून राहतो. आमच्या सर्व्हरला उदाहरणातून उचललेले १० थ्रेड, म्हणजे एका वेळी दहाच कॉल, ते दहाही असेच अडकले, मग ज्या हॉटेलाचा त्या लॉकशी काडीचा संबंध नाही त्याचंही बुकिंग बंद. त्या बिचाऱ्या रिसेप्शनवाल्याने शेवटी वहीत नाव लिहून चावी दिली.

टाइमआउट=३, म्हणजे तीन सेकंदांची डेडलाइन, कॉलमध्ये एवढंच लिहायचं होतं! डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, हो, वेगळ्या पानावर आहे, पण पायथनचं जे हॅलो वर्ल्ड जगभरातले लोक कॉपी करतात त्यात का नाही? कॉल किती वेळ थांबेल ही पहिल्या पानावरची गोष्ट आहे, नवीन पोराला ती रात्री अकराला कस्टमरच्या फोनवरून का कळावी?

चवथ आठ दिवसांवर आलीय, घरी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं) सामान आणायचंय, आई रोज विचारते कधी येतोस. आणि आज नवीन भानगड. लोड वाटायला सर्व्हिसच्या दोन प्रती चालवल्या, तर सगळे कॉल एकीवरच, कारण जीआरपीसी ज्यावर चालतं त्या एचटीटीपी/२ चं कनेक्शन एकदा जोडलं की तेच चालू राहतं आणि आमच्या सर्व्हिसच्या प्रती चालवणाऱ्या कुबरनेटीसची साधी सर्व्हिस कनेक्शनं वाटते, कॉल नाही. दुसरी प्रत सकाळपासून रिकामी बसलीय.