हात बांधलेले असते, तर ‘अऊ’ कसा मारला असता?

‘ब्राझीलमधल्या गुलामांचे हात साखळदंडांनी बांधलेले असायचे. म्हणून त्यांनी पायांनी लढायची कला शोधली आणि मालकाला कळू नये म्हणून तिला नाचाचं रूप दिलं. तीच कापोएरा.’ ही गोष्ट रील्समधून फिरत फिरत आपल्या ग्रुपांवरही आली आहे. ऐकायला छान वाटते, पण तिच्यात आफ्रिका पार पुसली जाते. म्हणून हे लिहितोय.

आधी साखळदंड. ऊस तोडायला, बंदरावर गोणी वाहायला हात मोकळे लागतात; हात बांधून मालकाचं काम कसं व्हायचं? शिवाय कापोएरात हात रिकामे नसतातच. ‘अऊ’ म्हणजे तळवे जमिनीवर टेकून मारलेली आडवी कोलांटी. दोन्ही हात लांब टाकल्याशिवाय ती जमत नाही. साखळी घालून कुणी मारून दाखवावी.

मालकाला कळत नव्हतं, हेही खरं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रिओचे पोलीस कापोएरा खेळणाऱ्या गुलामांना पकडून फटके मारत होते. १८३५ साली छापलेल्या रुगेंडास या जर्मन चित्रकाराच्या चित्रात दोन गडी समोरासमोर उभे आहेत, शेजारी ढोल वाजतोय, आणि चित्राखाली चक्क ‘युद्धनृत्य’ असं लिहिलंय. १८८८ला गुलामी संपली आणि १८९०च्या दंडसंहितेत कापोएरासाठी दोन ते सहा महिन्यांची कैद आली. ओळखूच येत नव्हती, तर कायदा कशाला केला?

मुळात लढाई आणि ताल वेगळे असायला हवेत, हे गृहीतकच चुकीचं. कोल्हापुरात मर्दानी खेळाला हलगी कडाडते. पट्टा लपवायला ती वाजवतात असं कुणी म्हणत नाही. अंगोलाच्या दक्षिणेला कुनेने भागात एंगोलो नावाचा खेळ आहे: माणसांचं रिंगण, टाळ्या, गाणी, आणि मध्ये दोघं लाथा मारतात, चुकवतात, हात टेकून उलटे होतात. कापोएरा जशीच्या तशी तिथून आली असं मी म्हणत नाही. ब्राझीलच्या बंदरांत अनेक जमातींची माणसं एकत्र आली आणि तिची घडण तिथे झाली. पण मूळ ओळखू येतं. कापोएराचे नामवंत गुरू (‘मेस्त्रे’) पास्तिन्या सांगत, की लहानपणी त्यांना बेनेदितो नावाच्या अंगोलाच्या म्हाताऱ्याने शिकवलं.

कापोएराचं मुख्य वाद्य, बेरिंबाऊ, हातात घेऊन बघा. लाकडी धनुष्य, तार, पोटाशी धरलेला वाळका भोपळा, बारीक काठी, तारेला टेकवायला नाणं किंवा दगड. भोपळा पोटापासून दूर नेला की आवाज मोकळा होतो, जवळ आणला की दबतो. अंगोलात अशाच वाद्याला हुंगू म्हणतात. आपल्या शेजारी गुजरातचे सिद्दी मलुंगा वाजवतात, तेही भोपळ्याचं धनुष्यच.

पाल्मारेस या ब्राझीलमधल्या पळालेल्या गुलामांच्या वस्तीचा नेता झुंबी याने कापोएराच्या जोरावर लढा दिला, असंही सांगतात. पाल्मारेसच्या कागदपत्रांत कापोएराचा उल्लेखच सापडत नाही.

आणि ही कला मालकासाठी रचलेला देखावा नव्हतीच, ती आपसातली होती. ब्राझीलच्या साल्वादोर शहरात मेस्त्रे बिंबांनी १९३२ला आणि पास्तिन्यांनी १९४१ला शाळा काढली, तेव्हा शिकायला फक्त लाथा नव्हत्या. वाद्यं होती, गाणी होती, रिंगणाची शिस्त होती. त्या रिंगणाला, म्हणजे रोदाला, २०१४ साली युनेस्कोने मानवतेचा वारसा म्हणून यादीत घेतलं. अंगोला पद्धतीच्या रोदात दोन खेळाडू बेरिंबाऊच्या पायाशी उकिडवे बसतात. मेस्त्रे लादाइन्या, म्हणजे सुरुवातीचं एकट्याचं गाणं, गातात, त्यात पूर्वजांची, गुरूंची नावं येतात. ती संपून सगळे साथीला गाऊ लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही जागचं हलत नाही.