वाचलेले पैसे कुणाच्या खात्यात?

जुन्या स्वस्त औषधांच्या चाचणीचे पैसे कुणी घालायचे, हा कट्ट्यावरचा वाद सुरू झाला लिग्नोकेनवरून. दात काढताना हिरडीत टोचतात ना, तेच बधिर करणारं औषध. टाटा हॉस्पिटलने देशातल्या ११ केंद्रांत मिळून जवळपास १६०० बायकांवर त्याची चाचणी घेतली. स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढण्याआधी सात-दहा मिनिटं गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन द्यायचं, बाकी ऑपरेशन नेहमीसारखं. पाच वर्षांनी पाहिलं तर इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के हयात होत्या, दिलेल्यांत ९०.१ टक्के. शंभरामागे जवळपास चौघी जास्त, आणि खर्च माणशी शंभर रुपयांच्या आत. निकाल २०२२ साली जाहीर झाला.

आमचा कट्टा परळचा. टाटा हॉस्पिटलजवळच्या जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर रिपोर्टांची पिशवी उशाशी घेऊन पडलेली माणसं ओलांडूनच आम्ही इथे येतो. त्यामुळे कॅन्सर आणि पैसा हा विषय इथे कुणालाच परका नाही.

बाळ्या बीकेसीला एका गुंतवणूक फंडात नोकरीला आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. जुन्या, पेटंट संपलेल्या औषधाचा नवा उपयोग शोधायला कुठलीच कंपनी पैसे घालत नाही. चाचणीवर कोट्यवधी ओतायचे आणि उद्या तीच गोळी पन्नास कंपन्या विकणार, मग पहिल्याने का खर्च करावा? त्यावर त्याचा उपाय म्हणजे सोशल इम्पॅक्ट बाँड. चाचणीचे पैसे गुंतवणूकदार घालणार. ठरलेला परिणाम दिसला तर सरकार किंवा एखादा ट्रस्ट मुद्दल आणि वर परतावा देणार. नाही दिसला तर पैसे गुंतवणूकदाराचे बुडाले, सरकारचा रुपया गेला नाही. परिणाम मोजणार तिसराच कोणीतरी.

"आणि हे हवेतलं नाही," बाळ्या म्हणाला. "२०१० साली इंग्लंडमध्ये पीटरबरोच्या तुरुंगापासून सुरुवात झाली. १७ गुंतवणूकदार, ५० लाख पौंड. सुटलेले कैदी पुन्हा गुन्ह्यात अडकण्याचं प्रमाण साडेसात टक्क्यांनी कमी करायचं ठरलं होतं, ते नऊ टक्क्यांनी कमी झालं. सगळ्यांचे पैसे व्याजासकट परत."

"न्यूयॉर्कचंही सांग की," अण्णा म्हणाले. "रायकर्स बेटावरच्या तुरुंगाचं. गोल्डमन सॅक्स बँकेने पैसे घातले, परिणाम दिसला नाही म्हणून २०१५ ला कार्यक्रम गुंडाळला. पण बुडालेल्यातले बरेचसे पैसे ब्लूमबर्गच्या धर्मादाय संस्थेच्या हमीतून भरले गेले. म्हणजे जोखीम तुमच्या सावकाराने घेतली कुठे?"

अण्णा महापालिकेच्या लेखा खात्यातून निवृत्त झालेत. कुठलाही आकडा सांगा, ते आधी तो कुठल्या खात्यावर पडला ते विचारतात.

बंटी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, रोज डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसणारा. त्याने कलम ३(ड) काढलं. "आपल्या पेटंट कायद्यात स्पष्ट लिहिलंय, माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा उपयोग सापडला म्हणून पेटंट मिळणार नाही. मग कंपनी कशाला हात लावेल? माझ्या बॅगेत लिग्नोकेन कधीच नसतं. त्याच्यावर टार्गेट नाही, इन्सेन्टिव्ह नाही, कुठला सर्जन त्याचं नाव माझ्या तोंडून ऐकणार?"

अण्णा उसळलेच. "३(ड) ला हात लावायचा नाही! त्याच कलमाच्या जोरावर सुप्रीम कोर्टाने २०१३ साली नोव्हार्टिस कंपनीला ग्लिव्हेक या रक्ताच्या कॅन्सरवरच्या गोळीचं पेटंट नाकारलं. कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची, आपल्याकडची आठ-दहा हजारांत. किती घरं तगली त्यावर!"

मला दोघांचंही पटतं. ३(ड) हवंच. पण ते आहे म्हणूनच जुन्या औषधांची जबाबदारी सरकारवर जास्त येते. कंपनीला आपण कायद्याने बाजूला केलं, आणि तिच्या जागी कुणाला उभं केलं? निदान लिग्नोकेनच्या बाबतीत चाचणी तरी एका सरकारी संस्थेने पूर्ण केली.

"हो, पण २०११ ला सुरू केलेल्या चाचणीचा निकाल २०२२ ला," बाळ्याने पकडलं. "अकरा वर्षं! पैसा असता तर जास्त केंद्रं घेता आली असती, निकाल लवकर लागला असता."

यावर सुमाताई बोलल्या. त्या एका मोठ्या रुग्णालयात सिस्टर आहेत, ड्युटी सुटल्यावर दहा मिनिटं थांबतात. "कोविडमध्ये डेक्सामेथासोन या जुन्या स्टेरॉइडचं तीन महिन्यांत कळलं की. मार्च २०२० ला इंग्लंडने रिकव्हरी चाचणी सुरू केली, जूनमध्ये निकाल. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी. पैसा सरकारचाच होता, बाँडबिंड काही नाही. आणि त्याच महिन्यात त्यांनी हेही सांगितलं, की भरती झालेल्या पेशंटला मलेरियावरच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने फायदा होत नाही. आपल्याकडे तेव्हा आयसीएमआरच्या सल्ल्यानुसार आम्ही सिस्टर लोक तीच गोळी प्रतिबंधक म्हणून आठवड्याला एक घेत होतो. तो उपयोग वेगळा, कबूल. पण 'फायदा नाही' हे कळणं माझ्या वॉर्डात किती मोलाचं होतं, तुला सांगू? तुझ्या बाँडमध्ये त्या उत्तराला किती रुपये?"

बाळ्या गप्प झाला. त्या संध्याकाळी मला सगळ्यात वजनदार वाटलेला प्रश्न तो हाच. चाचणीचं उत्तर 'हो' आलं तरच पैसे परत मिळणार असतील, तर 'हो' यावं असं वाटणारी माणसं चाचणीच्या भोवती जमणार. कोणते पेशंट घ्यायचे, काय मोजायचं, कधी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी तो दाब येणार. मोजणारा तिसरा असला तरी काय मोजायचं ते करारातच ठरलेलं असतं. तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा आत गेला की नाही हे पोलिसांच्या नोंदीत दिसतं, औषधाचं तसं नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे: चाचणी सरकारी पैशातून व्हावी, आणि 'हो' आलं काय, 'नाही' आलं काय, पैसे तितकेच मिळावेत.

मग बाँडला जागा कुठे? तिथेच अण्णांचा लेखा खात्याचा प्रश्न कामाला येतो. इंग्लंडमध्ये पेशंटवरचा खर्च वाचला तर तो त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेचा वाचतो, म्हणून तिच्याकडून परतावा मागता येतो. तिथल्या फाइंडाक्युअर नावाच्या संस्थेने दुर्मीळ आजारांसाठी, जुनी औषधं वापरून, असाच बाँड बांधायचा प्रयत्न केला तो याच हिशोबावर. आपल्याकडे बाईचा कॅन्सर उलटला नाही, तर कुणाचे पैसे वाचले? बहुतेक वेळा तिच्याच घरचे. विकावा न लागलेला गावाकडचा तुकडा, मोडावी न लागलेली सोन्याची बांगडी. ही बचत खरी आहे, पण त्या घराकडे बाँडचा हप्ता मागायला कोण जाणार? भिलवाड्यात मुलींच्या शिक्षणाचा बाँड झाला, २०१५ ते २०१८. शिकण्याचं उद्दिष्ट १६० टक्के गाठलं, गुंतवणूकदाराला १५ टक्के परतावा मिळाला. पण पैसे भरले लंडनच्या एका फाउंडेशनने. राजस्थान सरकारच्या तिजोरीतून ते गेले नाहीत. परदेशी दाता गेला की हिशोब बंद.

"मग पैसे भरणारा आणायचा कुठून?" बाळ्याने विचारलं.

माझं उत्तर: राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना. राज्यात लाखो पेशंटचं बिल तीच भरते. कॅन्सर परतला तर केमोचं बिल तिच्याकडेच पुन्हा येतं. निदान या पेशंटपुरती तरी बचत एका खात्यावर दिसते. इथे बाँड बसतो, पण चाचणीनंतरच्या टप्प्याला. सिद्ध झालेलं स्वस्त औषध प्रत्यक्ष ऑपरेशन टेबलापर्यंत पोचवण्यासाठी, जे काम बंटीची कंपनी कधीच करणार नाही.

ते काम कसलं, हे सुमाताईंनी सांगितलं. ऑपरेशन थिएटरच्या ट्रॉलीवर लिग्नोकेन रोजच असतं. पण दोन टक्क्यांची व्हायल असेल तर सलाइन घालून पातळ करायला हवी. लिस्टवर सहा केसेस लागलेल्या असतात, सर्जन हात धुऊन उभा, आणि टोचल्यावर सात मिनिटं थांबायचं. नोट्समध्ये लिहायला जागा नाही, म्हणून दिलं की नाही याचा पुरावा नाही. "एकदा प्रोटोकॉलमध्ये आलं की आम्ही करतो. कुणीतरी येऊन दोन दिवस शिकवायला हवं, फॉर्म बदलायला हवा, महिन्याने बघायला हवं."

हे मोजता येतं. योजनेतल्या स्तनाच्या ऑपरेशनांपैकी किती केसेसमध्ये इंजेक्शन दिलं, वेळेची नोंद आहे का, पुढच्या वर्षांत किती जणी कॅन्सर परतला म्हणून आल्या. पैसे घालणाऱ्याने प्रशिक्षण आणि नोंदींचा खर्च उचलावा, योजनेने दिलेल्या इंजेक्शनांवर परतावा द्यावा. त्यात कुणाला खोटं 'हो' काढायचं कारण उरत नाही, कारण 'हो' आधीच आलेलं आहे. फार तर न दिलेलं इंजेक्शन दिलं म्हणून लिहितील. ते अण्णांसारख्या ऑडिटरला पकडता येतं.

टाटाचीच आणखी एक चाचणी आहे, डोकं-मानेच्या कॅन्सरची. कॅन्सरवरचं जुनं मेथोट्रेक्सेट आणि सांधेदुखीवरचं सेलेकॉक्सिब, दोन्ही तोंडाने घ्यायच्या गोळ्या. सलाइनमधून द्यायच्या सिस्प्लॅटिनच्या केमोवरचे निम्मे पेशंट ६.१ महिन्यांहून जास्त जगले, गोळ्यांवरचे निम्मे ७.५ महिन्यांहून जास्त. तंबाखू खाणाऱ्या आपल्या राज्यात ही गोळी किती जिल्हा रुग्णालयांत लिहिली जाते, हेही याच पद्धतीने मोजता येईल.

बाळ्याला हे पूर्ण पटलेलं नाही. दुर्मीळ आजारात पेशंटच इतके कमी की सरकारी चाचणीचा नंबर कधी लागणारच नाही, तिथे तरी खासगी पैसा येऊ दे, असं तो म्हणतो. त्याचं तिथे चूक नाही, आणि त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

पण लिग्नोकेनपुरता तो राजी आहे. "पैसे घालणारा मी शोधतो," तो म्हणाला. "भरणाऱ्याची सही कोण आणणार?"

"योजनेचं ऑफिस वरळीला," अण्णा म्हणाले. "अर्ज मी लिहितो. सुमा, तो फॉर्म कसा असतो ते मला उद्या दाखव."