राजीनाम्याचा घोळ

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडच्या आमच्या गावात सांजच्याला पानठेल्यापुढच्या बाकावर चार-पाच जण असतातच. परवा बंडूचा फोन वाजला. त्याचा साळा मध्यप्रदेशातल्या मुलताईकडचा, सरकारी शाळेत मास्तर. "काय? राजीनामा झाला?" बंडू ओरडला आन् रेंज गेली.

नानांनी त्या नोकरीची तेरवीच उरकली. "लागलेली नोकरी सोडली? भैताड हाये काय बे तुहा साळा?"

पुन्हा फोन लागला तवा कळलं, नोकरी जागेवर आहे. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा कोर्टात होता, त्यात आपसात मिटलं. मध्यप्रदेशात तडजोडीलाच राजीनामा म्हणतात.

"चुकीचं बोलतेत थे लोकं."

"अर्थ आपण बदलवला, नाना," गुर्जी म्हणाले. "फारसीत राजी म्हंजे कबूल, नामा म्हंजे कागद. राजीखुशीचा कागद. आपण त्याचा नोकरी सोडाचा कागद केला."

"मंग दुरुस्त करा कोशात!"

"काहाले? शिक्षा शब्दाचं काय करशीन? संस्कृतात शिक्षा म्हंजे शिकवणं. तिकडं बैतूलले आजबी 'शिक्षा विभाग' लिवते. आपल्याकडं शिक्षा म्हंजे छडी." (गुर्जींच्या हातून दोन्ही शिक्षा घेतलेला मी गप्प.) "आन् महानुभावांचं लीळाचरित्र जिथं लिवलं थे रिद्धपूर तं आपल्याच तालुक्यातलं. त्या पोथीत गोसावी म्हंजे चक्रधरस्वामी, साक्षात देव. आता दारात गोसावी आला म्हटलं का तुह्या घरचे सुपातून पसाभर पीठ आणते."

"मंग कोश पायजे कशाले?"

गुर्जी याचीच वाट पाहत असावेत. मोल्सवर्थ साहेबाचा कोश 1831 चा, दाते-कर्व्यांचे सात खंड 1932 पासूनचे, हे त्यांनी झरझर सांगून टाकलं. मग म्हणाले, "कोश म्हंजे पह्यलेचं पटवाऱ्याचं पेरापत्रक. तू पऱ्हाटी लावली, त्यानं पऱ्हाटी लिवली. काय पेराचं थे तो नाही सांगे."

"पटवारी वावरात ये कवा?" बंडू उसळला. "माह्या संत्र्याच्या वावरात चार साल तूर उभी होती कागदावर!"

गुर्जी अडकले. माझ्या मते बंडूनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. कोश मागूनच येतो, आणि बरेचदा उशिरा येतो. पण गुर्जींनी पानाची पिंक टाकली आणि सावरले. "तरी जुनं पेरापत्रक फाडू नोको, बाप्पा. आजचा गोसावी घेऊन तेराव्या शतकातली पोथी वाचाले बसशीन तं देवाच्याच झोळीत पीठ टाकशीन."

नाना हसले. मग मुद्द्यावर आले, "पण बंडू, तुह्या साळ्यानं वावर सोडलं किती?"

"दोन तास."

पुण्याहून आलेल्या नानांच्या नातवानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "दोन तासांत मिटलं? कोर्टात?"

"घ्या," गुर्जी नानांना म्हणाले, "याले आता तूच सांग."