‘पंधरा दिवसांत वॉलपेपर फुगला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

दोन तारे देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. आमच्या किटमधल्या बाहुलीघराच्या बेडरूमचा वॉलपेपर पंधरा दिवसांत फुगला, कोपऱ्यांत पांढरी रेघ दिसू लागली, मागच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटले आणि फुलं खोलीच्या मानाने फार मोठी आहेत. कारण म्हणून तुम्ही ‘हलका, पातळ कागद’ म्हटलं आहे आणि पुढची खोली जाड कागदाने करणार असंही लिहिलं आहे. तुमचे फोटो नीट पाहिले. दोष बहुतांशी आमचाच आहे, पण तो कागदाच्या जाडीत नाही. म्हणून जाड कागद आणण्याआधी कृपया हे वाचा.

हे घर १:१२ मापाचं आहे. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे इथे एक इंच. ०.३ मिमी जाडीचा उठावाचा कागद या खोलीत साडेतीन मिलिमीटरच्या थरासारखा दिसतो. शिवाय तो कोपऱ्यात काटकोनात बसत नाही, गोलाई धरतो आणि तिथेच आधी सुटतो. १०० ते १२० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) साधा कागद या कामाला पुरेसा आहे.

आता फुगे. कागद ओला झाला की पसरतो, सुकला की आकसतो. लाकडी भिंत त्या मानाने जागची हलत नाही. गोंद लावून कागद लगेच भिंतीला टेकवला तर तो भिंतीवर असतानाच पसरतो आणि जादा झालेला भाग वर उचलला जातो. आमच्या सूचनापत्रकात ‘पांढरा गोंद पाणी घालून पातळ करा’ एवढंच होतं, पाणी किती ते नव्हतं. गोंद जितका पातळ, तितका कागद जास्त भिजतो. ही आमची चूक. यापुढे किटमध्ये पांढऱ्या गोंदाऐवजी वॉलपेपरची सेल्युलोजची खळ देत आहोत. ती हळू सुकते, त्यामुळे कागद सरकवून नक्षी जुळवायला वेळ मिळतो. खळ कागदाच्या पाठीला कडेपर्यंत एकसारखी लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, कागदाला काय पसरायचं ते पसरू द्या आणि मगच भिंतीवर घ्या. मधून कडेकडे मऊ कापडाने किंवा छोट्या फोम रोलरने हवा काढा. त्यानंतरही बारीक फुगे दिसले तर पहिल्या दिवशी त्यांना हात लावू नका. सुकताना कागद ताणला जातो आणि पुष्कळसे आपोआप बसतात. टाचणीने टोचायची घाई केली की भोक मात्र कायमचं राहतं.

तुमच्या फोटोतले फुगे सुकून बसलेले आहेत, ते आता जाणार नाहीत. तिथे धारदार ब्लेडने पाकळीच्या किंवा पानाच्या कडेवरून छोटा छेद घ्या, जाड सुईच्या सिरिंजने आत थेंबभर गोंद सोडा, वर बटर पेपर ठेवून दाबा. छेद नक्षीच्या रेषेत असला की दिसत नाही.

कोपऱ्यातली पांढरी रेघ का आली, तेही फोटोत स्पष्ट दिसतं. तिन्ही भिंतींचे तुकडे नेमक्या मापाने कापून कडेला कड लावली आहे. पत्रकात तसंच सांगितलं होतं आणि ते चुकीचं होतं, कारण कागद अर्धा मिलिमीटर आकसला तरी सांधा उघडा पडतो. आधी मागची भिंत लावा आणि दोन्ही बाजूंना ६ मिमी कागद बाजूच्या भिंतींवर वळवा. घडी कोपऱ्यात हाडाच्या पट्टीने किंवा बोथट पट्टीने दाबून बसवा. मग बाजूचा तुकडा बरोबर कोपऱ्यापासून सुरू करा. तो आकसला तरी खाली तोच कागद असतो, पांढरं काही दिसत नाही. नक्षी मागच्या कोपऱ्यात जुळवायची. जे चुकेल ते पुढच्या उघड्या कडेला येऊ द्या आणि तिथे ब्लेडने कापा. कापलेल्या कडेवर मिळत्या रंगाची पेन्सिल फिरवली की सांधा लपतो.

डागांचं कारण लाकूड. कोऱ्या प्लायवूडमधलं टॅनिन, म्हणजे लाकडातलं तपकिरी रंगद्रव्य, पाण्यात विरघळतं, ओल्या गोंदातून कागदात चढतं आणि सुकल्यावर तपकिरी दिसतं. पाण्याचा प्राइमर एकटा ते नेहमी थोपवतोच असं नाही. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, स्पिरिटमधल्या चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात द्या, पूर्ण सुकू द्या. ही पायरी पत्रकात नव्हतीच. डाग पडलेल्या कागदावर दुसरा कागद चिकटवू नका, डाग त्यातूनही येऊ शकतो.

त्या खोलीसाठी याहून सोपा मार्ग आहे. १ मिमी पुठ्ठ्यावर नवा कागद चिकटवून, वजनाखाली रात्रभर सपाट सुकवून, तो पुठ्ठाच भिंतीला दुहेरी टेपने लावा. जुना कागद खरवडावा लागत नाही आणि पुढे दिव्याची तार दुरुस्त करायची झाली तर पुठ्ठा काढता येतो. मागचा पुठ्ठा खोलीच्या रुंदीपेक्षा १ मिमी कमी घ्या. बाजूचे पुठ्ठे मागच्याला टेकतात, म्हणून त्यांची पुढून मागपर्यंतची लांबीही पुठ्ठ्याच्या जाडीइतकी कमी घ्या. पुठ्ठ्याला एकाच बाजूने कागद लावला की तो वाकतो. पाठीमागेही साधा कागद चिकटवा.

फुलांबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. अडीच सेंटीमीटरचं फूल म्हणजे खऱ्या भिंतीवर ३० सेंटीमीटरचं. बेडरूमला ८ ते १० मिमीची नक्षी हवी. मोठ्या फुलांची शीट आम्ही किटमधून काढली आहे. तुम्हाला लहान नक्षीच्या ए३ आकाराच्या चार शीट, चपडा आणि खळ विनामूल्य पाठवत आहोत: तीन भिंतींना तीन शीट, चौथी चुकीसाठी.

खिडकीची कड फाटल्याचं तुम्ही लिहिलं नाही, पण फोटोत दिसते. ओला कागद कापला की तो ब्लेडसोबत ओढला जातो. कागद खिडकीवरून सरळ जाऊ द्या, पूर्ण सुकल्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली कापा, चारही त्रिकोण आत वळवून चिकटवा. पुठ्ठ्याने करणार असाल तर खिडकीचं भोक पुठ्ठ्यात आधीच पाडून घ्या.

स्वयंपाकघराचा कागद घरच्या प्रिंटरवर छापला आणि रंग फुटला, असं शेवटी लिहिलंत. इंकजेटची डाय शाई पाण्याने पसरते. लेझर प्रिंट घ्या, किंवा छापल्यावर मॅट ॲक्रिलिक स्प्रेचे दोन हलके हात मारून सुकवा आणि आधी एका कोपऱ्यावर ओलं बोट फिरवून बघा.

स्वयंपाकघर सुरू करताना क्रम असा ठेवा: आधी छत आणि तारा, मग भिंती, मग फरशी, सगळ्यात शेवटी स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) आणि कॉर्निस (छताखालची पट्टी). तोपर्यंत कागदाची वरची-खालची कड दोन मिलिमीटर वेडीवाकडी राहिली तरी चालेल, पट्टीखाली जाते. खोलीची आतली मापं आणि खिडकीचं माप कळवलंत तर पुठ्ठे कापूनच पाठवतो.