त्या बसवाल्याला काय सांगणार, काका?

आज सकाळी नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईत नेहमीच्या ग्रुपबरोबर चालत होते. विषय अमेरिकेचा निघाला. आमच्यातले एक काका, वाचणारे माणूस, मला लेकीसारखं वागवतात, ते अगदी शांतपणे म्हणाले, "अगं, अमेरिकेने १९४२ नंतर एकही युद्ध केलेलं नाही. त्यांच्या संसदेने घोषणा केली तरच ते युद्ध. बाकी सगळी इंटरव्हेन्शन्स." दोघातिघांनी माना डोलावल्या. मला बोलताच आलं नाही, घसा दाटला. घरी आले, डबा भरला, बेलापूरला ऑफिस गाठलं, पण दिवसभर डोक्यात तेच.

तारीख बरोबर आहे. जून १९४२, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया. त्यानंतर अमेरिकेच्या संसदेने रीतसर युद्ध पुकारलेलं नाही. मग कोरियात त्यांचेच ३६ हजारांवर सैनिक गेले ते कशात गेले? तेव्हाचे त्यांचे अध्यक्ष ट्रुमनसाहेब, त्यांनी त्याला पोलीस अ‍ॅक्शन म्हटलं होतं. व्हिएतनाममध्ये गेलेल्या ५८ हजारांहून जास्त जणांची नावं वॉशिंग्टनच्या काळ्या दगडावर कोरली आहेत. तिथे हात फिरवणाऱ्या आईला काका सांगतील का, की बाई, तुझा मुलगा युद्धात गेला नाही? आणि ही तर त्यांची माणसं. व्हिएतनामी माणसांची नावं त्या दगडावर नाहीत.

माझा मामा कुवेतला एसी मेकॅनिक होता. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. मामा तिथून बसने बगदाद, पुढे जॉर्डनची हद्द, वाळवंटातले तंबू, अम्मान, आणि मग एअर इंडियाच्या विमानाने सहार. अशी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं तेव्हा भारताने आणली. मी शाळेत होते. कळव्याच्या आमच्या चाळीत मामा आला तेव्हा त्याच्याकडे एक बॅग आणि प्लास्टिकचा पाच लिटरचा पांढरा कॅन, बस. कॅनचं झाकण हरवलेलं, तोंडाला फडकं तारेने आवळलेलं. आजी तो फेकायला गेली तर मामा तिच्या अंगावर ओरडला. आजीवर ओरडताना त्याला मी तेवढंच पाहिलं.

बगदादच्या पुढे बसमधलं पाणी संपलं होतं. बसचा ड्रायव्हर इराकी, मामाच्याच वयाचा. त्याने वाटेत स्वतःच्या घराशी बस थांबवली, हा कॅन भरून आणला, सोबत खुबूस, म्हणजे तिकडच्या रोट्या, आणल्या. पैसे घेतले नाहीत. आणि दारात उभ्या असलेल्या दोन मुली मामाला दाखवल्या, माझ्या आहेत म्हणून.

१७ जानेवारी १९९१ ला बगदादवर अमेरिकेचे आणि तिच्या मित्रदेशांचे बॉम्ब पडायला लागले. मामा रात्र रात्र रेडिओपाशी. तो सद्दामला शिव्या घालायचा, हे लपवत नाही. कुवेतमधला त्याचा संसार सद्दामनेच बुडवला होता, आणि सद्दामला कुवेतमधून काढायलाच हवं होतं, तेही खरं. पण १३ फेब्रुवारीला बगदादमधल्या आमिरियाच्या निवाऱ्यावर बॉम्ब टाकले, आत झोपलेली चारशेहून जास्त माणसं मेली, कितीतरी बायका आणि मुलं. ती बातमी आली तेव्हा मामा एवढंच म्हणाला, "त्याचं घर त्या बाजूला नव्हतं ना रे?" कोणाला विचारत होता, कोण जाणे.

काकांच्या हिशेबाने हेही युद्ध नाही. घोषणा नव्हती, सैन्य वापरायला परवानगी देणारा संसदेचा नुसता ठराव होता.

मला खरा संताप येतो तो २०११ ला लिबियावर टाकलेल्या बॉम्बचा. त्यांचाच १९७३ चा कायदा सांगतो, संसदेच्या परवानगीशिवाय साठ दिवसांवर लढाई चालवायची नाही. साठ दिवस उलटले. तेव्हा ओबामांच्या सरकारने काय सांगितलं? आमचं सैन्य जमिनीवर नाही, आमच्या माणसांना फारसा धोका नाही, तेव्हा कायद्यातला 'लढाई' हा शब्द इथे लागूच होत नाही. म्हणजे बॉम्ब टाकणारा सुरक्षित असेल तर खाली काय चाललंय त्याला नावच नाही? कुठल्या आईबापाने हे ऐकून घ्यावं?

मी क्लिअरिंग एजंटकडे नोकरी करते. येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, मग १२ जानेवारी २०२४ पासून अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर बॉम्ब टाकले. कोणी कोणाविरुद्ध युद्ध पुकारलं नव्हतं. न्हावा शेवाहून तांबड्या समुद्राकडे निघालेल्या मालाच्या कागदांवर मात्र वॉर रिस्कचा, म्हणजे युद्धाच्या धोक्याच्या विम्याचा, आकार वेगळा लागत होता, आणि तो मी माझ्या हाताने टाइप केलाय. विमावाल्यांनी घोषणेची वाट पाहिली नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारातही हेच लिहिलंय, घोषणा असो नसो, एक बाजू युद्ध मानो न मानो, नियम लागू. जगाने तेव्हाच ठरवलेली गोष्ट आपण आज चालता चालता मोडीत काढतो.

हो, आपणही केलंय. मराठवाड्यात १९४८ च्या हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईला आजही पोलीस अ‍ॅक्शनच म्हणतात. श्रीलंकेत आपली शांतिसेना गेली, आपले अकराशेहून जास्त जवान परत आले नाहीत. तेही युद्धच होतं, मी तसंच म्हणेन. रशियाने युक्रेनमधल्या लढाईला 'विशेष लष्करी मोहीम' म्हटलं तेव्हा हेच काका किती चिडले होते! मग अमेरिकेला वेगळं माप का?

आणि प्रत्येक लढाई सारखी नसते, घोषणेमुळे सरकारच्या हाती जास्तीचे अधिकार येतात म्हणून वकिलांना तो शब्द जपून वापरावा लागतो, एवढं मानते. पण आपण वकील नाही ना. आपण चहा पिताना बोलतोय.

काका, तुमच्यावर राग नाही. तुम्ही हे वाचाल म्हणूनच इथे लिहितेय, समोर बोलले असते तर रडले असते. उद्या सकाळी भेटूच.

आत्ता मामीला फोन केला होता. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. कॅन अजून माळ्यावर आहे म्हणाली. मार्च २००३ ला टीव्हीवर पुन्हा बगदादचं आकाश पेटलेलं दिसलं, तेव्हा मामाने तो खाली काढून पुसून ठेवला होता, हे मला आज कळलं. शेजारी बसून मामीला विचारत होता, "त्याच्या मुली आता लग्नाच्या झाल्या असतील ना गं?"