चित्रांचं पुस्तक हाती आल्यास प्रौढांनी घ्यावयाची काळजी

आपण सुजाण वाचक आहात. घरी काचेच्या कपाटात जाडजूड कादंबऱ्या आहेत, त्यातल्या दोन-तीन वाचूनही झाल्या आहेत. अशा माणसाच्या हाती चुकून ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी, पडलंच, तर आब राखून काय करावं, हे मराठीत कुणी सांगत नाही. म्हणून हा प्रपंच.

पहिलं म्हणजे पुस्तक उघडू नये. मत द्यायला मुखपृष्ठ पुरतं.

गाडीत कुणी असलं पुस्तक वाचताना दिसलं, तर ‘मुलासाठी घेतलंत वाटतं?’ असं मोठ्यानं विचारावं. ‘नाही, मीच वाचतोय’ असं उत्तर आलं, तर ‘छान, छंद हवाच माणसाला’ म्हणून खांद्यावर थाप मारावी.

पुरस्काराचा विषय निघाला, तर चहा मागवावा.

आपण वाचनालयाच्या समितीवर असाल, तर मात्र जबाबदारी मोठी. आमच्या वाचनालयानं आदर्शच घालून दिलाय. परवा मी आर्ट स्पीगलमनचं ‘माउस’ मागितलं, तर ते निघालं बालविभागात. मुखपृष्ठावर उंदीर आहेत ना! उंदरांच्या वर स्वस्तिक आहे, तेही शुभचिन्ह समजून कुणी खपवून घेतलं असावं. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतून वाचलेल्या लेखकाच्या बापाची हकीकत, ज्यू उंदीर, नाझी मांजरं, आणि मध्येच आईच्या आत्महत्येची पानं. हे सगळं गणपतीच्या गोष्टींशेजारी गुण्यागोविंदानं उभं. एका आईनं ते दुसरीतल्या मुलाला नेलं आणि हादरून परत आणलं. बाईंची तक्रार रास्तच होती. मग समितीनं काय केलं? पुस्तक दोन कपाटं पलीकडे, मोठ्यांच्या विभागात नेलं? छे! रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं. मी म्हटलं, अहो, याला १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मानाच्या पुलित्झरचा खास पुरस्कार मिळालाय. तर उत्तर आलं, ‘असेल, पण शेवटी कॉमिकच ना ते!’ अमेरिकेत टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या शाळामंडळानंही २०२२ मध्ये हेच पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं, शिव्या आणि नग्नता आहे म्हणून. पण ते निदान म्हणाले की मुलांना हे झेपणार नाही. आमच्याकडे ते मुलांना झेपत नाही आणि मोठ्यांना लहान पडतं.

‘चित्रं आली की कल्पनाशक्ती मरते’ हे वाक्य पाठ करून ठेवावं. सगळीकडे चालतं. फक्त ‘माउस’च्या सुरुवातीचं ते पान बघू नये. म्हातारा बाप घरातल्या सायकलवर पाय मारत गप्पा मारतोय, मुलगा समोर बसलाय, आणि बापाच्या हातावर छावणीत गोंदलेला आकडा आहे. त्या आकड्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. तुम्हाला तो दिसला तर दिसला, नाहीतर गेलात पुढे सायकलच्या गप्पा वाचत. आता सांगा, कल्पनाशक्ती कुणाची मेली?

आणि ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ असं म्हणताना कुडाळकडे तोंड करू नये. तिथे पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्रांची पानं एकामागून एक धरून रामायण-महाभारत सांगत आले. ऐकणारे काय बालवाडीतले होते? २०२१ साली तिथल्या परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली, तेव्हा अभिमानाचे फॉरवर्ड पाठवणारे तुम्हीच होतात. टाळ्या चित्रकथीला आणि नाकं मुरडायची चित्रकादंबरीला, हे जमतं कसं तुम्हाला?

बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं ग्राफिक नॉव्हेल ‘भीमायन’ पाहिलंय? नाव तरी ऐकलंय? साताऱ्याच्या शाळेत तहानलेला भीम, मसूर स्टेशनवर ताटकळणारी पोरं, बडोद्यात मुक्कामाच्या जागेवरून हाकललेले बाबासाहेब. ही आपली गावं, आपली लाज. चितारली कुणी? मध्य प्रदेशातून आलेल्या परधान गोंड आदिवासी चित्रकारांनी, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी. छापलं कुठे? दिल्लीत, २०११ साली, आधी इंग्रजीत. त्यांनी चौकटी आखल्या नाहीत. प्रेमानं बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात घातले आणि विटाळ मानणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी लावली. असलं एक पान कळायला जी नजर लागते, ती तुमच्याकडे नाही. आणि नाही हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून ‘पोरांचं आहे’ म्हणता!

वाचून टाकाऊ म्हणा, मी भांडणार नाही. भिकार ग्राफिक नॉव्हेलं ढिगानं आहेत, भिकार कादंबऱ्यांइतकीच. पण न उघडता रद्दीत काढता? समितीतल्या एकानं, एकानं तरी ‘माउस’चं पहिलं पान पाहिलंय का? शनिवारी सभा आहे. मी येतोय, आणि हाच प्रश्न एकेकाला नाव घेऊन विचारणार आहे.